पाठ न टेकणारे पहेलवानजी

पहेलवानजी उताणे झोपत नसत. घरी नाही, दारी नाही, आजारपणातही नाही. दुपारच्या सुट्टीत ते चित्रशाळेच्या व्हरांड्यात डाव्या हाताची उशी करून कुशीवर निजायचे. कूस बदलायची वेळ आली की जागे व्हायचे, उठून बसायचे, दुसऱ्या बाजूला तोंड करायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. हे मी स्वतः पाहिलं आहे. खुर्चीवर बसले तरी पाठ खुर्चीला लागू देत नसत. एकदा पोटात दुखत होतं म्हणून डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी टेबलावर झोपायला सांगितलं, तर "उभ्यानं पाहा, नाईतं राहू द्या" असं म्हणून परत आले. विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"पाठ मातीची हाय बाई. मातीले एकदाच द्याची असते."

मी त्यांना ओळखू लागले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. मी नागपुरात चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पहेलवानजी आमच्या वर्गाचे मॉडेल होते. आठवड्यातले तीन दिवस ते सकाळी यायचे, लंगोटावर लाकडी चबुतऱ्यावर चढायचे आणि सर सांगतील तसे उभे किंवा बसलेले राहायचे. आम्ही पंधरा-वीस जण समोर बसून त्यांना काढायचो. तेव्हा त्यांचं वय पंचावन्नच्या पुढे असेल. मान आणि खांदे अजून एकसंध होते, कान कुस्तीनं चुरगळून भज्यासारखे झाले होते, पण पोटाची कातडी सैल पडायला लागली होती. सर म्हणायचे, चित्रकाराला असंच शरीर हवं. थोडं राहिलेलं, थोडं गेलेलं.

वर्गात आम्ही तिघीच मुली. पहिल्या दिवशी पहेलवानजी शाल पांघरून चबुतऱ्यावर चढले आणि शाल काही काढीनात. सर घड्याळ पाहायला लागले. शेवटी पहेलवानजींनी आम्हा तिघींना जवळ बोलावलं आणि एकेकीला विचारलं, "बाप काय करते तुहा?" माझे वडील पोस्टात होते. एकीचे रेल्वेत होते, एकीचे लकडगंजात लाकडाच्या वखारीवर. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बरं. आता तुमी माह्या पोरी झाल्या." मग शालीची घडी करून बाजूला ठेवली. आमचे वडील काय करतात हे कळल्यानं त्यांचा संकोच कसा गेला, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवसानंतर मीही कधी अवघडले नाही.

वीस मिनिटं पोझ, मग पाच मिनिटं विश्रांती. बाकीचे मॉडेल विश्रांतीत विडी ओढायला बाहेर जायचे. पहेलवानजी शाल गुंडाळून आमच्या बोर्डांमधून फेरी मारायचे. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं आणि हातात पेन्सिल त्यांनी कधी धरली नसावी, पण त्यांचं बोट नेमकं चुकीवर पडायचं.

"वजन कुठं हाय याचं?" हा त्यांचा एकच प्रश्न. "मी उजव्या पायावर उभा हावो, अन् तुह्या चित्रात दोनी पाय रिकामे. हा मानूस उभा नाई वं, टांगेल हाय."

एका मुलानं फार मेहनतीनं दंडाची प्रत्येक गाठ काढली होती. पहेलवानजी बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तुह्यावाल्याले मी फुकीनं पाडीन." सरांनी हाडांचे आणि स्नायूंचे तक्ते वर्षभर शिकवले. माणसाचं वजन कुठून निघतं आणि कुठे जाऊन थांबतं, ते मात्र मी पहेलवानजींच्या त्या बोटाकडून शिकले.

पाठ न टेकण्यामागची हकिगत त्यांनी आम्हा प्रत्येकाला निदान दोनदा सांगितली असेल. ऐन जवानीत कुस्त्यांच्या एका दंगलीत शेवटची जोड त्यांची लागली होती. समोरचा बाहेरगावचा होता, गोड बोलणारा आणि पंचांच्या ओळखीचा. बराच वेळ कोणी कोणाला ऐकेना. मग एका झटापटीत दोघंही एकदम कोसळले आणि पंचांनी शिट्टी मारली. पहेलवानजी चीत. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती संपते. पहेलवानजींचं म्हणणं, लागला तो एकच. "डावा लागला. उजव्याखालून उंदीर गेला असता." पंचांनी ऐकलं नाही आणि गदा दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. त्या दिवसानंतर पहेलवानजी आखाड्यात उतरले नाहीत, आणि त्या दिवसानंतर त्यांनी कशालाही पाठ टेकली नाही. खरं काय झालं होतं, कोण जाणे. त्यांच्या मोहल्ल्यात ती कुस्ती पाहिलेले दोन म्हातारे होते. एक म्हणायचा एकच खांदा, दुसरा म्हणायचा दोन्ही. या कारणावरून ते दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

आमचे सर किडकिडीत, काटेकोर आणि फार वाचलेले होते. त्यांच्याकडे ग्रीक चित्रांचं एक जाड विलायती पुस्तक होतं. ते त्याला खाकी कव्हर घालून आणायचे आणि पानं स्वतःच उलटायचे. त्या वर्षी परीक्षेच्या मोठ्या चित्रासाठी त्यांनी विषय दिला, 'पडलेला वीर'. त्यासाठी ग्रीक पुराणातल्या एजॅक्सची गोष्ट सांगितली. एजॅक्स म्हणजे एका सैन्यातला सगळ्यात आडदांड योद्धा. त्याचा सगळ्यात शूर सोबती लढाईत मेला, तेव्हा त्याचं प्रेत भर रणातून खांद्यावर उचलून आणणारा हाच. मग त्या मेलेल्याचं चिलखत कोणाला द्यायचं यावर सरदारांनी मतं घेतली आणि ते दुसऱ्याच एका गोड बोलणाऱ्याला दिलं. अपमानानं एजॅक्सचं डोकं फिरलं. भ्रमात त्यानं छावणीतल्या मेंढ्यांनाच सरदार समजून कापून काढलं. शुद्धीवर आल्यावर आपण काय केलं ते पाहिलं आणि लाजेनं तलवार जमिनीत उभी रोवून तिच्यावर पडला.

पहेलवानजी शाल पांघरून कोपऱ्यात बसून ऐकत होते. "नाव काय म्हनलं, सर?"

"एजॅक्स."

"अजय," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं स्वतःशीच, "नाव अजय अन् असं झालं."

त्यानंतर आमच्या वर्गात तो वीर अजयच झाला. एकदा सरांच्या तोंडूनही ते नाव निसटलं.

या अजयला वेगवेगळ्या चित्रकारांनी कसकसा दाखवला, ते सर आम्हाला पुस्तकातून दाखवत होते. पहेलवानजींनी विचारलं, मीही पाहू का. सरांनी थोडं नाखुशीनंच पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. पहिलं चित्र एका प्राचीन रांजणावरचं. लाल मातीवर काळी आकृती. अजय एकटाच, गुडघ्यांवर वाकलेला. ढाल आणि शिरस्त्राण बाजूला ठेवलं आहे आणि तो तलवारीची मूठ जमिनीत रोवून तिच्याभोवतीची माती दोन्ही हातांनी थापतो आहे. अजून काहीच घडलेलं नाही. कपाळावर एक आठी, एवढंच.

पहेलवानजी त्या चित्रापाशी इतका वेळ थांबले की सरांचा हात अवघडला. "हा ज्यानं काढला ना सर, त्यानं आखाडा पाह्यला हाय. माती अशीच नरम करा लागते. हात पाहा. मरून नाई राहिला हा. तयारी करून राहिला."

दुसऱ्या एका भांड्यावर अजय तलवारीवर पालथा पडला होता आणि दोन्ही बाजूंना सरदार उभे राहून खाली पाहत होते. "हे पंच," पहेलवानजी म्हणाले आणि पान उलटायची खूण केली. मग विलायतेतल्या अलीकडच्या एका मोठ्या तैलचित्राचा फोटो आला. त्यात अजयचे स्नायू वांग्यांसारखे टच्च, मागे वादळ, आकाशाकडे लागलेले डोळे. पहेलवानजींनी मान हलवली. "अंग खाऊन नाई कमावलं यानं, फुगेल हाय नुस्तं."

शेवटचं चित्र एका पेल्याच्या आत काढलेलं. त्यात अजय उताणा पडलेला होता, तलवार देहातून आरपार गेलेली, आणि शेजारी उभी एक बाई, त्याची बायको, त्याच्यावर वस्त्र पसरवत होती. सरांना सगळ्यांत हे आवडायचं. परीक्षेच्या चित्रासाठी त्यांना हीच पोझ हवी होती. सोमवारी त्यांनी चबुतऱ्यावर सतरंजी टाकली आणि पहेलवानजींना उताणं झोपायला सांगितलं.

"ते होनार नाई सर."

सर म्हणाले, हा काही आखाडा नाही. पहेलवानजी म्हणाले, पाठ तर तीच आहे. सरांनी पुस्तक उघडून चित्र समोर ठेवलं, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कलावंतानं हे असं काढलं आहे, म्हणाले. पहेलवानजी चित्रावर वाकले.

"सर, हा तलवारीवर पडला ना?"

"हो."

"समोरून पडला. मंग उताणा कसा?"

सरांनी पुस्तक स्वतःकडे वळवून पाहिलं. मग म्हणाले, "चित्रकार तेवढी सवलत घेतो."

"नाई सर. हा पहिले पालथा होता. मंग कोनीतरी उलथवला हाय त्याले. पन एवढा मोठा गडी, एकट्यानं नाई उलथवता येत. पालथ्या मानसाले उताणं करनं हेच तं अर्धी कुस्ती हाय."

मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. हे चित्र ते कित्येक वर्षं शिकवत होते आणि हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. तो आपल्या वर्गात, लंगोट घातलेल्या माणसानं विचारावा, हे त्यांना लागलं. ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. मी दुसरा माणूस बघतो." पहेलवानजींनी शाल पांघरली, वाकून चबुतऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी चित्रशाळेच्या चपराशाला अजय केलं. चपराशी सतरंजीवर उताणा झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. कोणाचंच चित्र पुढे सरकेना. परीक्षा तोंडावर होती, माझी तर सगळी भिस्त या एका चित्रावर होती. संध्याकाळी मी आणि वखारवाल्याची मुलगी पहेलवानजींचं घर शोधत गोळीबार चौकाकडे गेलो. तो सगळा मोहल्ला विणकरांचा. पहेलवानजींच्या घरातही एक हातमाग होता, पण त्यावर कपडे वाळत घातले होते. त्यांची बायको दारात बसून दुसऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई. आम्ही सगळं सांगितलं, तरी तिचा चरखा काही थांबला नाही.

"येतीन ते," ती म्हणाली. "मी सांगतो. पन झोपनार नाई."

"काकू, तुम्ही समजावून सांगा ना."

"लग्नाले तीस वर्सं झाली बाई. मले तवा कोनी समजावलं नोतं, का असा कुशीवर झोपनारा मानूस हाय म्हनून." हे सांगताना ती हसत होती.

बुधवारी पहेलवानजी आले. सरांना नमस्कार करून म्हणाले, "सर, मी पालथा पडतो. तेवढं माह्यं काम. पुढं तुमच्या पोट्ट्याईले म्हना, मले उलथवा. उलथवला तं उताणा राहीन, जेवढा वेळ पायजे तेवढा."

सर नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण दोन दिवसांत त्यांनीही त्या पेल्याचा विचार केला असावा. ते बाजूला झाले. पहेलवानजी हातपाय पसरून चबुतऱ्यावर पालथे पडले. सहा मुलं पुढे झाली. त्यातला एक रोज मुगदल फिरवणारा होता. त्यांनी हात ओढले, पाय ओढले, कुशीखाली हात घातले. चबुतरा हलला, पहेलवानजी नाहीत. शिवाय खालून त्यांचाच आवाज येत होता, "अबे, कमर सोडून हात काहून ओढून राहिला? खांदा अन् कमर संग धर ना." सगळा वर्ग हसत होता. मुलं घामाघूम झाली आणि एकेक करून बाजूला बसली. पहेलवानजींचाही श्वास फुलला होता, पण गाल सतरंजीवर टेकून ते मजेत दिसत होते.

तेवढ्यात दारात त्यांची बायको उभी दिसली. एक वाजून गेला होता, ते घरी आले नव्हते, म्हणून ती डबा घेऊन आली होती.

"अवो, काय चालू हाय हे?"

"चित्र काढून राहिले," पहेलवानजी पालथ्यानंच म्हणाले.

"असं? उठा. भाकर थंडी होऊन राहिली."

"उठता येत नाई. मी मेलो हावो."

ती आत आली. स्टुलावर उघड्या ठेवलेल्या पुस्तकाकडे तिचं लक्ष गेलं. तिनं सरांना विचारलं, ही बाई कोण. सरांनी सांगितलं, त्याची बायको. ती थोडा वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली.

"मंग हिनंच केला असन उताणा," ती म्हणाली.

"एकटीनं?" चबुतऱ्यावरून आवाज आला. "सहा पोट्ट्याईनं नाई झाला."

ती चबुतऱ्याच्या कडेवर बसली. डबा खाली ठेवला आणि त्यांच्या उघड्या पाठीवर हात ठेवला. तिथे आम्ही सगळे उभे आहोत हे तिच्या लक्षात होतं की नव्हतं, कोण जाणे. तिचा आवाज चरख्यापाशी होता तसाच होता.

"जोर लावून नाई केला असन तिनं. सांगतलं असन त्याले."

"काय सांगतलं असन?"

"का पंच काय म्हनले, मले मालूम नाई. मी काही तिथं नोती. पन दोनी खांदे लागले असते, तं मी का जेवाले नसतं देल्लं?"

पहेलवानजी बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी पसरलेले हात जवळ घेतले, एक गुडघा पोटाशी ओढला आणि हळूहळू वळले. आधी डावा खांदा टेकला. मग थोडं थांबून उजवा. ते छताकडे पाहत पडून राहिले. घामानं ओलं झालेलं अंग डिसेंबरच्या हवेत शहारत होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात सरांनी दुसऱ्या वर्गासाठी एक सुरई आणि तिच्याभोवती पांढरं कापड मांडून ठेवलं होतं. तिनं ते कापड ओढलं. सुरई आडवी झाली. तिनं कापडाचा काठ दोन बोटांत चोळून पाहिला, "मिलचं हाय" म्हणाली, आणि ते त्यांच्या अंगावर छातीपर्यंत पसरलं.

"काढा," सर हळूच म्हणाले.

आम्ही काढत गेलो. वीस मिनिटं झाली तेव्हा थांबा असं म्हणायला कोणीच तयार नव्हतं. चाळीस मिनिटं पहेलवानजी उताणे होते आणि काकू शेजारी बसून होत्या. नंतर पहेलवानजींनी तिथेच चबुतऱ्यावर बसून भाकर खाल्ली आणि सरांनाही दिली. सरांनी घेतली.

त्या चित्रानं माझं काही भलं झालं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लिहिलं की वीर पडलेला वाटत नाही, विसावलेला वाटतो. मी जेमतेम पास झाले. पहेलवानजींना चित्र दाखवलं तेव्हा मला रडायला येत होतं. त्यांनी बोट खांद्यावरून कमरेपर्यंत आणि तिथून टाचेपर्यंत नेलं. "वजन बरोबर हाय," ते म्हणाले. पुढे मला दोन बक्षिसं मिळाली, त्या चित्रांवर त्यांचं बोट कधी फिरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पहेलवानजी पुन्हा कुशीवर झोपायला लागले. मी विचारलं, आता का. ते म्हणाले, "ते चित्रासाठी होतं."

शिक्षण संपलं. मला कळमेश्वरच्या शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली आणि रोज एसटीनं जाणंयेणं सुरू झालं. चित्रशाळेकडे पाय वळेनासे झाले. सातआठ वर्षांनी कोणीतरी सांगितलं की पहेलवानजींनी मॉडेलचं काम सोडलं, बायकोला लकवा मारला आहे. मी एका रविवारी गेले. काकू खाटेवर होत्या. डावं अंग गेलेलं, तोंड जरा वाकडं झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. पहेलवानजींनी खाटेजवळच्या खिळ्याला एक घड्याळ टांगलं होतं. त्यांना आकडे वाचता येत नव्हते, पण काटे कुठे आले की वळवायचं, ते शेजारच्या मुलीनं दाखवून दिलं होतं.

माझ्यासमोर एकदा वेळ झाली. त्यांनी एक हात काकूंच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला, गुडघा खाटेच्या माचव्याला टेकला आणि त्यांना असं वळवलं की चादरीला सुरकुतीसुद्धा पडली नाही. काकू माझ्याकडे पाहून अडखळत म्हणाल्या, "पाह्यलं? जिंदगीभर गदा नाई भेटली. आता मले रोज चीत करते हा मानूस."

पहेलवानजी हसले नाहीत. ते त्यांच्या मानेखालची उशी नीट करत होते.

काकू अशा चार वर्षं होत्या. त्यांच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. त्या गेल्यावर मोहल्ल्यातले लोक पहेलवानजींना बोलवायला लागले. कोणाची आई अंथरुणाला खिळली, कोणाचा सासरा पडून आहे, तर पहेलवानजी जायचे, घरच्यांना वळवायला शिकवायचे, ते शिकेपर्यंत रोज यायचे आणि चहा घेऊन निघायचे.

माझे वडील मोरीत पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. आई आधीच गेलेली, भाऊ परगावी. वडील त्यानंतर उठले नाहीत, मी शाळेतून लांब रजा घेतली. महिन्याभरात त्यांच्या कमरेखाली लाल चट्टा दिसायला लागला. मला हात लावायची भीती वाटायची, हात लावला की ते ओरडायचे. मी पहेलवानजींना आणायला गेले. ते आता सत्तरीत होते, पण लगेच उठले.

वडिलांनी त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी उघड्याबंब माणसाची चित्रं काढते याचा त्यांना माझ्या विद्यार्थिदशेत फार त्रास झाला होता. त्यांनी घरात कधीही 'मॉडेल' हा शब्द उच्चारला नव्हता, ते 'तो पहेलवान' एवढंच म्हणायचे.

"साहेब," पहेलवानजी खाटेजवळ बसून म्हणाले, "मी तोच. तुमच्या पोरीच्या चित्रातला."

वडील भिंतीकडेच पाहत होते.

"साहेब, आता खिडकीकडं वळू. परवानगी हाय?"

चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या माझ्या वडिलांनी थोड्या वेळानं मान हलवली, एखाद्या अर्जावर सही करावी तशी. पहेलवानजींनी त्यांना वळवलं. ते ओरडले नाहीत. त्यानंतर रोज, दिवसभरात पाच-सहा वेळा, पहेलवानजी यायचे आणि प्रत्येक वेळी आधी विचारायचे. भिंतीकडं, साहेब. खिडकीकडं, साहेब. आठवड्यानं वडीलच त्यांची वाट पाहायला लागले. दोघं नागपूरच्या जुन्या उन्हाळ्यांबद्दल बोलायचे. एकदा मी चहा घेऊन आत गेले तर वडील त्यांना विचारत होते, "मग एकच खांदा लागला होता की दोन?" पहेलवानजी म्हणाले, "साहेब, तुमाले काय वाटते?" वडील गंभीरपणे विचार करत होते.

तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी पहेलवानजी आले आणि खाटेपासून दोन पावलं लांबच उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले.

"आज तू कर."

मी म्हटलं, मला जमणार नाही, बाबांना दुखेल.

"दुखन. मंग कमी दुखन. पहिले विचार त्याईले."

मी विचारलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. "मान अगोदर," पहेलवानजी मागून म्हणाले. "खांदा अन् कमर संग. ओढू नको, येऊ दे." वडिलांचं वजन आधी माझ्या तळहातात आलं, मग मनगटात, मग माझ्या मांड्यांतून जमिनीत गेलं. ते वळले. कण्हले, पण वळले. मी मागे पाहिलं तर पहेलवानजी दाराशी चपला घालत होते. चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी दहापर्यंत वाट पाहिली. मग खाटेशी गेले आणि म्हटलं, "बाबा, आता भिंतीकडे वळू या का?"

"हळू," ते म्हणाले, आणि आपला हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला.